सगळ्यात मंद टॉर्च

काकाजी समुद्रात बुडून गेले नाहीत. हे आधीच लिहून टाकते, कारण उठावण्याला जमलेल्या माणसांत निम्म्यांना तसंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी लोक भेटायला आले, चटईवर बसले आणि एकमेकांच्या कानात म्हणाले, "शेवटी दर्यानंच नेलं." दर्याचा काही संबंध नव्हता. त्यांना ताप आला, ताप उतरेना, मग दवाखाना, आणि चार दिवसांत संपलं. नवीन जालन्यात, बाजारापासून दहा मिनिटांवर. समुद्र तिथून कितीतरी दूर.

त्याला आता वर्ष होत आलं. मी हे फार हळू लिहिते आहे. एक परिच्छेद होतो, मग दोन दिवस काहीच होत नाही.

मी त्यांची भाडेकरू. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि गच्ची. कॉलेजात मराठी शिकवायला म्हणून या गावात आले तेव्हा वर्षभरासाठी खोली बघितली होती, आणि अकरा वर्षं राहिले. खाली काकाजी आणि काकीजी. त्यांचे पणजोबा, जैन व्यापारी, राजस्थानातून आलेले, तेव्हापासून घर इथलंच. काकाजींचं दुकान पाण्यातल्या मोटारींचं: विहिरीच्या, बोअरच्या, केबल, पाइप, दुरुस्ती. मला ते पहिल्या दिवसापासून "मॅडम" म्हणत. काकीजी "बेटा" म्हणत. एकाच घरात मी एकाच वेळी दोन वयांची होते.

दुकानात काकाजींचा एक खाक्या होता. कुणी शेतकरी आला आणि म्हणाला, "शेठ, साडेसात एचपीची मोटार द्या," की ते विचारत, "पाणी किती फुटांवर?" तो म्हणे, "असंल साठेक." "असंल न्हाई चालत. घरी जा, दोरीला दगड बांधा, मोजा, मंग या." समोर आलेलं गिऱ्हाईक ते असं परत पाठवत. पोरं गेली बाहेरगावी, नाहीतर त्यांनी बापाला गल्ल्यावर बसूच दिलं नसतं, असं काकीजी म्हणत. काकाजींचं उत्तर ठरलेलं असे: "मोटार विहिरीला घ्यायची अस्ती. शेजाऱ्याला दाखवायला न्हाई."

असा माणूस चोपन्नाव्या वर्षी समुद्रात उतरायला लागला, तो एका सहलीमुळे. मोटारीच्या कंपनीनं विक्रेत्यांना अंदमानला नेलं होतं. बाकीचे शेठ लोक वाळूवर पत्ते खेळत बसले. काकाजी लहानपणी केदारखेड्याच्या विहिरीत पोहायला शिकलेले. ते पाठीवर हवेची टाकी बांधून एका प्रशिक्षक मुलीचा हात धरून तीस फूट खाली जाऊन आले. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात मला थांबवून म्हणाले, "मॅडम, जमिनीवर पाऊल टाकलं की खाली कोण ना कोण मरतंच. मुंगी, किडा, काही. तिथं मी तरंगून राह्यलो होतो. पाऊलच न्हाई. साठ वर्षं होत आली, पहिल्यांदा कुणाला न तुडवता चाललो."

"साठ कुठली, चोपन्न," आतून काकीजी म्हणाल्या. "आणि पाणीपण जीवच आहे. ते ढवळलं त्याचं काय?"

"ते बराबर आहे," काकाजी म्हणाले. ते धर्माच्या बाबतीत त्यांच्याशी कधी वाद घालत नसत. काकीजींचं वाचन जास्त, नियम जास्त. तेव्हापासून काकाजींनी ठरवलं, समुद्रात एकदा उतरलं की दुसऱ्या दिवशी एकासणं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. पुढच्या दोन दिवाळ्यांना ते जाऊन रीतसर शिकून आले, आणि आल्यावर इतकी एकासणी केली की कमरेचा पट्टा एका भोकानं आत गेला.

रात्री उतरायचं खूळ त्या प्रशिक्षक मुलीनं डोक्यात घातलं. तिनं सहज सांगितलं की अंधार पडला की प्रवाळ उमलतात आणि पोपटासारख्या चोचीचा एक मासा अंगाभोवती पातळ पिशवी विणून तिच्यात झोपतो. काकाजींना झोपेचं पहिल्यापासून अप्रूप होतं. स्वतःला चार तास लागली तरी पुष्कळ. ते मला विचारत राहिले, "माशाला पापणी न्हाई ना? मंग तो झोपला हे कसं कळायचं? तुमच्या पुस्तकात बघा की." मी कॉलेजच्या ग्रंथालयात बघितलं. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात माशाचं काळीज होतं, कल्ले होते, झोप नव्हती.

"मंग मलाच जावं लागंल," काकाजी म्हणाले, जणू पुस्तकवाल्यांनी त्यांच्यावर काम सोपवलं होतं.

रात्री उतरायचं म्हणजे टॉर्च पाहिजे. आता टॉर्च कोणता घ्यायचा हा प्रश्न त्या घरात जवळजवळ वर्षभर चालला. हौसेच्या कुठल्याही वस्तूवर दुकानातल्या एका लहान मोटारीच्या किमतीहून जास्त खर्च करायचा नाही, हा काकाजींचा जुना नियम. परदेशी, महागडे टॉर्च पहिल्याच दिवशी बाद झाले. उरले स्वस्त; आणि स्वस्तातल्या प्रत्येकावर लिहिलेलं, शंभर मीटर खोलीपर्यंत पाणी शिरणार नाही.

काकाजींचा लिहिलेल्यावर विश्वास नव्हता. पाणी कुठून शिरतं हे त्यांना चाळीस वर्षांचं ठाऊक होतं. जिथं झाकण फिरतं तिथं आत एक रबरी कडं असतं, ते कडं कच्चं की सगळं कच्चं. त्यांनी पाच हजारांच्या आतले तीन टॉर्च मागवले. सेल काढून आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद भरला, झाकण आवळलं, आणि मोटारी तपासायच्या टाकीत बुडवून ठेवले. तिन्हींतले कागद कोरडे निघाले. मग ते म्हणाले, "टाकी चार फूट. समुद्र साठ फूट. आता बोअर."

केदारखेड्याचे नाना त्यांचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने मित्र. घरची मेंढरं होती तोवर मेंढरांमागे, आता शेतीत. नानांच्या बोअरची मोटार त्या आठवड्यात दुरुस्तीला बाहेर काढलेली होती. काकाजींनी तीन टॉर्च दगडासकट दोरीला बांधले आणि बोअरमध्ये सोडायला लागले. मी सुट्टी म्हणून बरोबर गेले होते. नाना कमरेवर हात ठेवून बघत होते.

"शेठ, हे अडाकलं आत, तर माझी मोटार कुठं बसवायची? तुमच्या दर्यात?"

"अडकत न्हाई."

"तुमी मला पाणी मोजून या म्हणून दोन चकरा मारायला लावल्या होत्या. आठवतं का? आता तुमी काय मोजून राह्यले?"

"खोली."

"कशाची?"

"रबराची."

नानांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुमी शिकलेल्या. ह्यांना दवाखान्यात दाखवलं का कुटं?"

तासाभरानं दोरी वर आली. एका टॉर्चमधल्या कागदाचा लगदा झाला होता. दुसऱ्याचा कोपरा ओला. तिसऱ्यातली बातमी वाचता येत होती. काकाजींनी ती नानांना मोठ्यानं वाचून दाखवली, सोयाबीनच्या भावाची होती, आणि नानांचं तोंड अजून कडू झालं.

तिसरा टॉर्च तिघांत सगळ्यात प्रखर होता. जाड, दोन्ही मुठींत मावेल एवढा. काकाजी खूश. येताना गाडीत म्हणाले, "उजेड भरपूर, पाणी न्हाई, भाव बराबर. अजून काय पाहिजे?" काकीजीही खूश होत्या, कारण त्यांची अट एकच होती: अंधारात जाणार असाल तर मला किनाऱ्यावरून तुम्ही दिसले पाहिजेत. काकीजींचा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत बुडून गेला होता. त्याबद्दल त्या बोलत नसत. पण त्यांनी "नको" म्हटलं असतं तर काकाजी गेले नसते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. टॉर्च पाहून त्या म्हणाल्या, "हा दिसेल. जा." संमती मिळाली.

चूक कुठे झाली ते आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं. दिवस मावळल्यावर काकाजी तो टॉर्च घेऊन नानांच्या विहिरीत सरावाला उतरले. पावसाळा नुकताच सरला होता, विहीर तुडुंब. नानांनी हट्टानं त्यांच्या कमरेला दोर बांधला. काकाजींनी डोळ्यांवर काच चढवली, श्वास घेतला, खाली गेले आणि टॉर्च लावला.

सगळी विहीर पेटल्यासारखी झाली. चारी बाजूंचे दगड, कपारीतली झुडपं, सगळं हिरवं दिसायला लागलं. मी काठावरून बघत होते आणि मला ते फार सुंदर वाटलं, हे कबूल करते. मग किडे आले. कुठून आले कोण जाणे, पण पाण्यावर किड्यांची साय धरली. पाण्यातून बारीक जीव धुरासारखे उजेडाकडे सरकले. त्यांच्यामागे इवले मासे, माशांमागे बेडूक, आणि मग कपारीतून एक दिवड, पाणसाप, सरळ त्या उजेडात उतरला. त्याला काही शोधावंच लागलं नाही. सगळं मांडून ठेवलेलं होतं.

काकाजी वर आले. टॉर्च बंद केला. पायरीवर बसले, अंगातून पाणी गळत होतं.

"चावला का काय?" नाना घाबरून म्हणाले. "दिवड हाय हो, इख न्हाई त्येला."

"मला न्हाई चावला," काकाजी म्हणाले. "मी वाढलं त्याला. ताटात वाढलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकासणं नाही, पूर्ण उपवास केला. नुसतं उकळलेलं पाणी. मी प्रशिक्षक मुलीला त्यांच्या वतीनं फोन लावला. तिनं खरं तेच सांगितलं: समुद्रातही असंच होतं, शिकारी मासे रात्री उतरणाऱ्यांच्या मागेमागे फिरतात, टॉर्चच्या उजेडात त्यांना भक्ष्य आयतं दिसतं. काकाजींनी ते ऐकलं, तिला "थँक्यू बेटा" म्हटलं आणि टॉर्च कपाटात ठेवून दिला.

"झोपलेल्याला उठवायचं, नाहीतर जागत्याला मारायचं," ते म्हणाले. "आपल्याला न्हाई जमायचं हे, मॅडम."

मला वाटलं होतं काकीजींना हायसं वाटेल. दोन-तीन दिवस वाटलंही असावं. पण काकाजी दुकानात कुणाला परत पाठवेनासे झाले. "साडेसातची द्या" म्हटलं की साडेसातची देऊन टाकत. नाना एकदा घरी आले तेव्हा दारातच म्हणाले, "वहिनी, शेठला काय झालं? मी पाणी न मोजता पाइप मागितला, तर दिला की हो!" रात्री काकीजी वर येऊन गच्चीत माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "बेटा, हे असे आवडत न्हाई मला."

पुढचं सगळं वीज गेली म्हणून घडलं. एका संध्याकाळी गल्लीत अंधार होता. काकाजी ओसरीत बसले होते, मी पायरीवर. काकीजी जैन स्थानकातून प्रतिक्रमण, म्हणजे दिवसभराच्या चुकांची संध्याकाळची कबुली, करून परत येत होत्या. हातात फोनचा टॉर्च, पण त्यावर चार बोटं झाकलेली. दोन बोटांच्या फटीतून उजेडाची एक चिमूट जमिनीवर, पावलाच्या पुढे, वीतभर. गल्लीच्या टोकापासून त्या अशा आल्या. त्यांच्याभोवती एकही किडा नव्हता.

"एवढ्यात दिसतं तुला?" काकाजींनी विचारलं.

"पाऊल दिसतं. मला काय शेजाऱ्याचं छत बघायचंय?"

"नेहमी अशीच येती?"

"तीस वर्षं. तुम्ही आज बघितलं." त्या चपला काढता काढता म्हणाल्या, "उजेड हवेत सोडला की जीव येतात. खाली धरला की येत न्हाईत. ह्यात काय विचारायचं?"

काकाजी एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, मी साडेसातची मोटार घेतली हो! विहीर न मोजता!" आणि आपल्याच मांडीवर थाप मारून हसायला लागले. काकीजींना काही कळेना. त्या मला म्हणाल्या, "काय झालं ह्यांना? आत्ता तर बरे होते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याच्या एका दुकानदाराला फोन लावला. स्पीकर चालू ठेवून, मला शेजारी बसवून, कारण इंग्रजी आकडे मी लिहून घ्यायचे होते.

"सर, आपल्याकडे पाच हजार ल्युमेन्सपर्यंत आहे," तो मुलगा उत्साहानं म्हणाला.

"खालून सांगा."

"खालून म्हणजे?"

"कमीत कमी किती उजेड देतो ते सांगा."

"सर, ते... ते कुणी विचारत नाही."

"मी विचारून राह्यलो ना. आणि झोत किती रुंद? सगळ्यात अरुंद कोणता? काठीसारखा पाहिजे. आजूबाजूला सांडला न्हाई पाहिजे."

"सर, आपण नक्की काय बघणार आहात?"

"झोपलेला मासा."

त्या मुलाला मी मनातून शंभर गुण दिले, कारण तो हसला नाही. "थांबा," म्हणाला, आणि एकेक टॉर्च अंधाऱ्या खोलीत नेऊन भिंतीवर झोत टाकून सांगत बसला. शेवटी एक निघाला. बोटभर जाडीचा, अरुंद झोताचा, तीन पायऱ्यांचा. सगळ्यात खालची पायरी इतकी मंद की हा बिघडलाय म्हणून लोक परत करतात, असं तोच म्हणाला. अडचण आली तर वरच्या पायरीवर पुरेसा उजेड. प्रशिक्षक मुलीलाही विचारलं. तिनं सांगितलं, चालेल, मी सोबत असेनच, पण असे दोन हवेत. एक बंद पडला तर दुसरा. दोन्ही मिळून नियमात बसत होते. काकाजींनी आल्याबरोबर ते बोअरमध्ये सोडले. कागद कोरडे.

राहिली काकीजींची अट. त्यांनी तो मंद टॉर्च हातात घेऊन भिंतीवर मारला. जुन्या चवलीच्या नाण्याएवढा ठिपका पडला.

"हा किनाऱ्यावरून दिसायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

"न्हाई दिसायचा," काकाजी म्हणाले. "तू न्हाई म्हण, मी न्हाई जात. बिलकुल मनात ठेवणार न्हाई."

काकीजींनी टॉर्च बंद केला, परत लावला, त्यावर बोटं धरून बघितली. मग म्हणाल्या, "मी येते तिथं."

त्यांनी तोवर समुद्र बघितला नव्हता.

डिसेंबरात ते दोघं गेले. मी परीक्षांमुळे इथेच. अंदमानात दिवस आपल्या आधी मावळतो. त्या दिवशी चार वाजताच दोघांनी जेवण उरकलं, कारण सूर्यास्तानंतर त्यांना अन्न-पाणी चालत नाही. काकाजींनी तिथून फोन करून विचारलं होतं, तोंडात खारं पाणी गेलं तर नियम मोडतो का? मी म्हटलं, मला काय माहीत? मागून काकीजी म्हणाल्या, "गिळू नका म्हणजे झालं."

साडेपाचला परत फोन आला. या वेळी एकट्या काकीजी.

"गेले आत," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं झाली. बेटा, तू फोन ठेवू नको."

मी गच्चीत होते. इकडे अजून ऊन होतं, समोरच्या पत्र्यांवर कबुतरं बसली होती. तिकडे पूर्ण अंधार.

"दिसतंय का काही?"

"सुरुवातीला दिसलं. दोन ठिपके, तिचा आणि ह्यांचा. आता न्हाई." मग काही वेळ फक्त लाटा. "गच्चीत वाळत घातलेले कपडे काढलेस का? दव पडतं."

"काढते."

"गच्चीच्या दाराची कडी घाल. माकडं येतात."

"घालते, काकीजी."

"मोठा टॉर्च नेऊ दिला असता तर दिसला असता ना?"

"दिसला असता," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "पण मंग ते आनंदानं गेले नसते." थोड्या वेळानं त्यांचा आवाज बदलला. "माझा भाऊ गेला ना, तेव्हा मी काठावरच होते. सात वर्षांची. सगळे कंदील घेऊन आले होते. केवढा उजेड होता. काय उपयोग?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिले. चाळीस मिनिटं झाली असतील. मध्ये एकदा त्या "आले!" म्हणाल्या आणि लगेच "न्हाई, होडी आहे" म्हणाल्या. नंतर पुन्हा "आले" म्हणाल्या, पण या वेळी ओरडल्या नाहीत. पाण्यात चालत गेल्याचा आवाज आला. त्या साडीसकट आत गेल्या असणार. मला त्यांचं रागावणं ऐकू आलं, किती वेळ, काही वाटतं का, थंडी वाजतेय का. मग फोन हातातून हातात गेला.

"मॅडम," काकाजी म्हणाले. इतका बारीक आवाज की मला आधी वाटलं, रेंज गेली.

"काकाजी? बरे आहात ना? दिसला का?"

"दगडाच्या कपारीत होता. अंगाभोवती पिशवी, पातळ, काचेसारखी. मी लांब थांबलो. टॉर्च त्याच्यावर न्हाई धरला, बाजूच्या दगडावर धरला. डोळे उघडेच असतात, मॅडम. पण झोपलेला कळतो."

"कसा कळतो?"

"कळतो."

मागून काकीजींचा आवाज आला, "अहो, जोरात बोला ना! तिला ऐकू येत न्हाई."

"हळू," काकाजी त्यांना म्हणाले. "झोपलाय तो."

"ऐकू येतंय," मी म्हणाले. गच्चीत उभी होते, खाली रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या, तरी तेवढंच हळू म्हणाले.